साप उंदीर ओळखतो तरी कशावरून?

अमेरिका-युरोपात घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये बॉल पायथनचा नंबर फार वरचा. मूळचा घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्यातला हा लहानखुरा, शांत अजगर. खाण्याच्या बाबतीत मात्र तो पाळणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवतो. फ्रीझरमधला उंदीर डीफ्रॉस्ट करून समोर ठेवावा, तर दोनदा जीभ लवलवतो आणि तोंड फिरवतो. मग हवालदिल मालक जिवंत उंदीर आणून पेटीत सोडतो.

हे मला अजिबात पटत नाही. कोंडीत सापडलेला उंदीर सापाला कडकडून चावतो. डोळा जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. उंदराचे हाल होतात ते वेगळेच. मेलेला उंदीर साप खातो, पण त्याला तो उंदीर वाटला पाहिजे.

या अजगराच्या ओठांच्या कडेला छोटे खळगे असतात. उष्णता टिपणारे मज्जातंतू तिथे येऊन पोचतात. या मज्जातंतूंमधलं ‘ट्रिपए१’ नावाचं प्रथिन उष्णतेला दाद देतं, हे २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. हेच प्रथिन आपल्या अंगात मोहरीचा झणका जाणवून देतं! ज्युलियस यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं.

खळग्यांना कळतो तो फरक: मागची भिंत गार, पुढचं काहीतरी ऊबदार. खोलीच्या तापमानाला आलेला उंदीर त्यांच्या लेखी जवळजवळ नसतोच. म्हणून फ्रीझरमधला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ पूर्ण सुटू द्यायचा आणि मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवायचा. मायक्रोवेव्ह नको, तो कुठे शिजवतो, कुठे गारच ठेवतो. पोटाशी बोट दाबून आत बर्फाचा कडकपणा उरला नाही ना, तेही बघायचं. पिशवी गळून केस भिजले असतील तर आधी कोरडे करायचे. ओल्या केसांतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि मिनिटाभरात कातडी गार पडते. हेअर ड्रायरने उंदीर वाळवून वरून साधारण ३८ अंश सेल्सिअसपर्यंत आणायचा, डोकं थोडं जास्तच गरम ठेवायचं. साप बहुधा तिथेच झडप घालतो.

वेळ रात्रीची, दिवे मंद. लांब चिमट्यात उंदीर कमरेशी धरून सापापासून जरा अंतरावर हलकेच हलवायचा, तोंडावर आदळायचा नाही. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली गेली आणि जिभेची लवलव वाढली की हात स्थिर ठेवायचा.

तरीही नकार आला तर वासाकडे वळावं. जीभ हवेतले कण टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोचवते, आणि त्या वासांची आवडनिवड काही अंशी जन्मजात असते. स्टीव्हन अर्नोल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या गार्टर सापांवर हे दाखवलं: किनाऱ्यावरच्या मातांची नवजात पिल्लं गोगलगायीसारख्या बिनशंखी स्लगवर तुटून पडत, आतल्या भागातली बहुतेक पिल्लं तोंडही लावत नसत. दोघांनीही स्लग आधी कधी पाहिलेला नव्हता. नायजेरियात रानातल्या बॉल पायथनचा आहार तपासला, तेव्हा लहान साप मुख्यतः पक्षी आणि मोठे मुख्यतः उंदरासारखे प्राणी खाताना आढळले. अडून बसलेल्या पिल्लासाठी कोंबडीच्या पिल्लाची पिसं उंदरावर घासण्याच्या युक्तीला असा आधार आहे.

बरेचदा उंदरात काहीच खोट नसते, पेटी गार असते. गरम कोपऱ्यात ३१-३२ अंश आणि दोन्ही टोकांना अंग चोरून बसण्याजोगी जागा नसेल, तर चिमट्याची करामत चालत नाही. एकदा नाकारलं की आठवडाभर थांबावं. रोज उंदीर पुढे केल्याने साप आणखी बिथरतो. धडधाकट मोठा बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो, पिल्लाला तेवढी सवड नसते. वजनकाट्यावर नोंद ठेवावी. वजन सतत घटत असेल, तोंडात फेस दिसत असेल किंवा श्वासाला घरघर असेल, तर घरगुती उपाय थांबवून सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा.

हे सगळं परदेशी, कायदेशीर पाळलेल्या सापाबद्दल. आपल्याकडचा नाग, धामण किंवा अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तो घरात शिरला तर वनविभागाला किंवा अधिकृत सर्पमित्राला बोलवायचं.