घरघर वेगळी, घुमणं वेगळं

लेक्चर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकलं आणि आवाज घाण वाटला की सगळे एकच सांगतात, नॉइज रिडक्शन मार. मीपण बरेच दिवस तेच केलंय. पण कित्येकदा तो नॉइज नसतोच, खोली घुमत असते, आणि दोन्हीचा इलाज पार वेगळा.

नॉइज म्हणजे पंखा, एसी, लॅपटॉपचा फॅन, नाहीतर केबलमधून येणारी ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण. तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, ते चालूच. म्हणून तर ते काढणं त्यातल्या त्यात सोपं, ऑडॅसिटी नावाच्या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या घरघरीचे दोन-चार सेकंद सिलेक्ट करून दाखवायचे, ते नमुना घेतं आणि पूर्ण रेकॉर्डिंगमधून तेवढं कमी करतं. त्यासाठी रेकॉर्ड दाबल्यावर पाच सेकंद गप्प बसायचं. (किती कमी करायचं त्याचा स्लायडर जास्त ओढलात तर पाण्यात बुडून बोलल्यासारखं वाटतं, हे आधीच सांगून ठेवतो.)

घुमतो तो मात्र तुमचाच आवाज, भिंत, काच, फरशी यांच्यावर आपटून जरा उशिरा माइकमध्ये परत आलेला. तुम्ही गप्प झालात की तोही विरतो, मग सॉफ्टवेअरला नमुना दाखवणार कुठला? डी-रिव्हर्ब प्लगइन, म्हणजे घुमणं कमी करणारी सॉफ्टवेअरची जोडणी, मिळतात, थोडाफार फरक पडतोही, पण बोलण्यावर बोलण्याचीच कॉपी चढलेली, ती स्वच्छ सुटत नाही. आणि गंमत म्हणजे खोलीत बसल्यावर हे फारसं जाणवत नाही कारण दोन कान आणि मेंदू मिळून ते बाजूला सारतात, माइकला कुठली ती अक्कल. ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचं मात्र डोकं उठतं.

त्यामुळे घुमणं रेकॉर्डिंगच्या आधीच मारायचं. माइक वीतभर अंतरावर आणा, अंतर अर्धं केलं की तुमचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि घुमणं जवळपास होतं तेवढंच राहतं. जाड पडदे, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, सगळं चालतं. भिंतीला पातळ फोम चिकटवून बाहेरचे हॉर्न बंद होतील असं समजू नका, तो फक्त खोलीतलं घुमणं कमी करतो.

जुन्या रेकॉर्डिंगमध्ये नक्की काय झालंय ते दोन वाक्यांच्या मधल्या गॅपमध्ये ऐका. तिथे सलग घरघर असेल तर नॉइज, शेवटच्या शब्दाचं शेपूट लोंबत असेल तर खोली.