जागेच्या ऑनलाइन जाहिराती : अचूकपणाची जबाबदारी (ठाणे–नवी मुंबई)

घर विकण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी इंटरनेटवर टाकलेली जाहिरात खरी ठेवणे, आणि परिस्थिती बदलली की ती दुरुस्त करणे किंवा उतरवणे हे कोणाचे काम, यासंबंधीचे कायदे व रूढ व्यवहार. घोडबंदर रोड, खारघर, उलवे, तळोजा या भागांत घरशोध मोबाईलवरच सुरू होतो, त्यामुळे हा प्रश्न इथे रोजचा आहे.

नव्या प्रकल्पांपुरते उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात रेरानुसार नोंदणीला पात्र असलेल्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक ठळक द्यावा लागतो. कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई बिल्डरकडे लागते. ग्राहकाला व्यवहारच नको असेल तर पैसे व्याजासह परत. महारेराने, म्हणजे रेरा राबवणाऱ्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. कल्पना साधी, पण नेमकी आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारे चित्र शिळे होते. कोड मात्र महारेराच्या पानावर नेतो, आणि तिथली विक्रीची माहिती बिल्डरने दर तीन महिन्यांनी अद्ययावत करायची असते.

खरी पंचाईत भाड्याच्या जागांची. रेरा विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. कोपरखैरण्यातला भाड्याचा वन आरके त्यात बसत नाही. अनुभव ठरलेला. फोटो चकाचक, भाडे आजूबाजूच्यापेक्षा कमी. फोन केला की उत्तर येते, ‘तो कालच गेला हो, पण त्याच लाइनीत दुसरा आहे, थोडा वरचा. कधी येताय बघायला?’ गेलेली जागा महिनोन्‌महिने जाहिरातीत राहते, कारण ती उतरवण्यात कोणाचाच फायदा नाही. मालकाला भाडेकरू मिळालेला असतो, पोर्टलला यादी लांब दिसलेली बरी, आणि ब्रोकरचा फोन वाजत राहतो. याला निव्वळ विसराळूपणा म्हणणे भोळेपणाचे ठरेल. गिऱ्हाईक ओढण्यापुरत्या अशा आमिष जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी लगाम घातला आहे.

पोर्टल स्वतःला मध्यस्थ, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर फक्त दाखवणारे, म्हणवतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण त्यांना अटींसह मिळते, त्यामुळे प्रत्येक जाहिरात आधी तपासण्याचा भार सहसा त्यांच्यावर येत नाही. तक्रार अधिकारी नेमणे मात्र २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत. तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५.

स्थळनावांची गंमत या भागाची खास. खारघर हा सिडको या सरकारी नियोजन महामंडळाने वसवलेल्या नवी मुंबईचा नोड (उपनगर), पण २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत. जाहिरात ‘नवी मुंबई’ म्हणते, मालमत्ता कराचे बिल पनवेलचे येते. भिवंडी तालुक्यातला प्रकल्पही ‘ठाणे’ नावाने विकला जातो, आणि जिल्हा ठाणेच असल्याने त्याला थेट खोटे म्हणता येत नाही. उलट प्रकारही घडतो. ‘आगामी विमानतळाजवळ’ असे वर्षानुवर्षे छापले गेले. डिसेंबर २०२५ मध्ये विमाने उडू लागल्यावर ‘आगामी’ हाच शब्द चुकीचा ठरला.

अद्ययावत करण्याची दुसरी बाजू सहसा दुर्लक्षित राहते. जाहिरात बदलली की जुना दावाही पुसला जातो. क्लबहाऊस, दोन पार्किंग, ताब्याची तारीख, सगळे एका रात्रीत गायब होऊ शकते, आणि कलम १२ खाली दाद मागताना नेमका तोच दावा दाखवावा लागतो. म्हणून बुकिंगची रक्कम भरण्याआधी जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून तो पावतीसोबत जपून ठेवावा.