छाछा की छाका: किती वेळात येणार आणि आधी कोण येणार

छापा-काट्याचा खेळ कॉम्प्युटरवर लिहायला घेतला की दोन प्रश्नांची हमखास गल्लत होते. एक, ठरवलेला क्रम पडेपर्यंत नाणं सरासरी किती वेळा उडवावं लागेल? दोन, दोघांनी आपापला क्रम ठरवला तर आधी कुणाचा पडेल? ज्याला सरासरी कमी वेळ लागतो तोच आधी येणार, त्यात विचारायचं काय, असंच मी धरून चाललो होतो.

दोनच फेकांचे क्रम घेऊ. छापा-छापा म्हणजे छाछा, छापा-काटा म्हणजे छाका. छाकासाठी पहिला छापा यायला सरासरी 2 फेका, मग काटा यायला आणखी 2. मध्ये छाप्यांची रांग लागली तरी बिघडत नाही, शेवटचा छापा हाताशी असतोच. एकूण 4. छाछाचं तसं नाही. एक छापा आला आणि पुढे काटा पडला की सगळं मुसळ केरात, परत पहिल्यापासून. त्यामुळे त्याची सरासरी 6 वर जाते.

आता याच दोघांची शर्यत लावा, नाणं एकच. पहिला छापा पडेपर्यंत कुणाचंच काही होत नाही. पडला की पुढची एक फेक निकाल लावते: छापा आला तर छाछा, काटा आला तर छाका. चक्क निम्मे-निम्मे! 4 आणि 6 चा इथे काही संबंध उरत नाही, कारण हरणाऱ्याला पुढे किती ताटकळावं लागलं असतं ते बघायला शर्यत थांबतच नाही. (प्रत्येकाला वेगळं नाणं दिलंत तर मात्र छाकाचं पारडं जड होतं. प्रोग्राममध्ये ही चूक सहज होते.)

माझी चूक वेगळीच होती. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दहा लाख फेकांची एक लांबलचक स्ट्रिंग (अक्षरांची माळ) बनवली आणि तयार काउंट फंक्शनने दोन्ही क्रम मोजले. छाका अडीच लाखांच्या आसपास, ठीक. छाछा मात्र जेमतेम 1 लाख 66 हजार! नाण्यावरच संशय आला. दोष मोजण्यात होता. ‘छाछाछा’मध्ये छाछा दोनदा आहे, पण ते फंक्शन एकदा वापरलेलं अक्षर पुन्हा धरत नाही. एकेक घर सरकत मोजलं तर दोन्ही अडीच लाखांच्या घरात येतात. छाछा घोळक्याने येतो, म्हणून दोन घोळक्यांमधलं अंतर वाढतं. ‘6’ चं मूळ तेच.

शर्यतीच्या खेळाला पेनीचा खेळ म्हणतात, वॉल्टर पेनी यांनी 1969 मध्ये मांडलेला. (पेनी हे नाण्याचंही नाव, हा निव्वळ योगायोग.) त्यात तीन फेकांचे क्रम असतात, आणि नंतर निवडणाऱ्याला कायम फायदा. समोरच्याने छाछाछा घेतलं तर तुम्ही काछाछा घ्या: पहिल्या तीन फेका सलग छापे पडले तरच तुम्ही हरता, म्हणजे 8 पैकी 7 वेळा डाव तुमचा. इतर क्रमांनाही उतारा आहे: समोरच्याचं मधलं अक्षर उलटं करून आपल्या सुरुवातीला घ्यायचं, मागे त्याची पहिली दोन अक्षरं. निदान 3 पैकी 2 वेळा तरी जिंकता.

इथवर निदान शर्यत आणि सरासरी एकमेकांच्या उलट गेल्या नव्हत्या. चार फेकांच्या क्रमांवर आलो आणि तेही झालं. छाकाछाछा यायला सरासरी 18 फेका लागतात, काछाकाछाला 20. समोरासमोर खेळवा: 14 पैकी 9 वेळा आधी येतो तो काछाकाछा, 20 वाला. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा प्रोग्राममध्ये बग शोधत बसलो होतो. नव्हता.