नौपाड्याची भाडेपावती आणि ऐरोलीचं अ‍ॅग्रीमेंट

माझा आतेभाऊ नवी मुंबईतल्या ऐरोलीत वन बीएचकेमध्ये राहतो. अकरा महिने संपत आले तसा घरमालकाचा फोन आला: पुढच्या खेपेपासून २४ हजारांचे २७ हजार. भावाने छातीठोकपणे सांगितलं, "कायद्याने वर्षाला ४ टक्क्यांच्या वर भाडं वाढवता येत नाही." मालक शांतपणे म्हणाला, "मग दुसरं घर बघा."

कायदा मालकाच्या बाजूने होता. भाऊ थाप मारत नव्हता, ४ टक्क्यांचा नियम खरोखर आहे. फक्त तो त्याच्यासाठी नाही, त्याच्या आईसाठी आहे. आत्या ठाण्यात, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, दोन खोल्यांत राहते. आपल्या बोलण्यात दोघंही 'भाड्याने राहतात'. कायद्याच्या लेखी आत्या भाडेकरू आणि तिचा मुलगा लायसन्सी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निम्मे 'भाडेकरूंचे हक्क' पहिल्याचे असतात आणि ते वाचतो दुसरा.

आधी आत्या. तिच्या सासऱ्यांनी ती जागा पागडी देऊन घेतली आणि दर महिन्याची भाडेपावती आता तिच्या नावावर फाटते. तिला लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. अंमल ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम ११ मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करू देतं. भाडं ३५० रुपये असेल तर वर्षाची वाढ १४ रुपये, म्हणजे गोखले रोडवर एक कटिंग चहा. ठराविक दुरुस्त्या-सुधारणा आणि पालिकेच्या करातली वाढ यांचा हिशेब वेगळा असतो. भाडं द्यायची तयारी असेपर्यंत तिला बाहेर काढता येत नाही. थकलं तरी आधी नोटीस, मग ९० दिवसांची मुदत, मगच कोर्ट. पोटभाडेकरू ठेवणं, मालकाला स्वतःला जागेची खरीच गरज असणं अशी कारणं कायद्यात आहेत, पण ती मालकाला कोर्टात सिद्ध करावी लागतात. चिडून पाणी तोडण्याचीही सोय नाही. कलम २९ त्याच्या आड येतं. आणि पैसे घेतले की पावती द्यावीच लागते, ही मेहेरबानी नव्हे.

आता भावाचं बघू. त्याच्याकडे 'लिव्ह अँड लायसन्स' करार आहे. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी. ही कल्पना १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली: दुसऱ्याच्या जागेत वावरायची मुभा, जागेत हक्क काही नाही. तो दरमहा देतो त्यालाही कायदा भाडं म्हणत नाही, लायसन्स फी म्हणतो. ही फी किती असावी, नव्या करारात किती वाढावी, यावर महाराष्ट्रात कायद्याचा लगाम नाही. पाच ते दहा टक्के वाढ हा बाजाराचा रिवाज आहे, नियम नाही. त्याचं संरक्षण कागदावर जे लिहिलंय तेवढंच, पण तेवढं मात्र पक्कं. मुदत चालू असताना मधेच "सोसायटीने मेंटेनन्स वाढवला, हजार जास्त द्या" असं मालकाला म्हणता येत नाही, तसं कलम करारात असल्याशिवाय.

मुदत संपली की चित्र पालटतं. ही बाब एजंट सहसा सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. करार संपल्यावरही भाऊ घर अडवून बसला, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली त्याला दुप्पट फीच्या दराने नुकसानभरपाई द्यावी लागेल, म्हणजे महिन्याला ४८ हजार. मालकाने कुलूप बदलायचं नाही. त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भावाने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरतात. "मी इतकी वर्षं राहतोय, चावी माझ्याकडेच आहे, म्हणजे मी भाडेकरूच" हा युक्तिवादही इथे चालत नाही. लेखी लायसन्स करारातला मजकूर हा निर्णायक पुरावा, असं त्याच कलमात म्हटलंय.

मालक लोक इतके सावध का, याचं उत्तर जुनं आहे. १ फेब्रुवारी १९७३ या एका तारखेला जे लायसन्सी जागेच्या ताब्यात होते, त्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरू करून टाकलं. ती धास्ती घरमालकांच्या पुढच्या पिढ्यांतही उतरली आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, ते शहर त्यानंतर उभं राहिलं, त्यामुळे तिथे पागडीचा प्रकार जवळजवळ नाहीच. ठाण्यात मात्र एकाच शहरात नौपाड्याची पावती आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं अ‍ॅग्रीमेंट शेजारी शेजारी नांदतात, म्हणून गोंधळही ठाणेकरांचाच जास्त.

अकरा महिन्यांबद्दल आणखी एक गैरसमज: वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही. नोंदणी कायद्यातून आलेली ही समजूत महाराष्ट्रात लागू पडत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर अटींबद्दल घरात राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. भावाचे अकरा महिन्यांचे २ लाख ६४ हजार आणि लाखभर डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याज मिळूनही ते सातशेच्या आत बसतं, वर शहरात नोंदणी फी १ हजार. नोटरी करून 'काम भागवणारे' एजंट एवढ्याशा पैशांसाठी मालकालाच खड्ड्यात घालतात.

भावाने शेवटी ४ टक्क्यांचा हट्ट सोडला आणि वेगळंच मागितलं: दोन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी २५,५००, दुसऱ्या वर्षी २७ हजार, दोन्ही आकडे करारात लिहून. लायसन्सचा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो, हे मालकालाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं नवा माणूस शोधायची कटकट नाही म्हटल्यावर तो तयार झाला. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्या वर्षी एकदम दीड हजार? माझी वाढ तर चौदा रुपये."