दात साफ केले की हलतात?

"मशीननं दात साफ केले की ते हलायला लागतात," हे सांगलीत मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि दवाखान्याच्या बाकावर तर नंबर यायच्या आधीच. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचा दात खरंच हलत असतो. कारण मात्र उलटं धरलेलं असतं.

दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो राहिला तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, हेच कीटण. ब्रशनं ते निघत नाही, मशेरीनं तर नाहीच. (उलट तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त येणं कमी होऊ शकतं आणि आजार लपून राहू शकतो.) कीटण हिरडीखाली सरकतं, हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं. अशा दाताला शेवटी कीटणच गिलाव्यासारखं धरून असतं. ते काढलं की खरी अवस्था उघडी पडते, आणि आळ मशीनवर!

मशीन दात तासत नाही; बारीक कंपनांनी कीटण सुटतं, पाण्यानं वाहून जातं. काही दिवस गार पाण्यानं कळ येते, एवढं खरं.

या कामासाठी डेंटल हायजिनिस्ट असतात, हे मात्र कुणाला ठाऊक नसतं. १९४८च्या दंतवैद्यक कायद्यापासूनच त्यांची वेगळी नोंदणी आहे. कीटण काढणं, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवणं त्यांचं काम. दात काढणं डॉक्टरांचं. लहान दवाखान्यांत बहुधा डॉक्टरच दोन्ही करतात. मधुमेह असेल तर सफाई टाळूच नका, हिरड्यांच्या संसर्गानं साखरही आटोक्यात राहत नाही.