अक्षर वेगळं, आकृती वेगळी

जुनी मराठी फाइल नव्या संगणकावर उघडली आणि ‘मराठी’ या शब्दाच्या जागी इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी रांग दिसली, की घरोघरी एकच निदान होतं: फाइल करप्ट झाली, नाहीतर व्हायरस शिरला. दोन्ही चूक. फाइल ठणठणीत आहे. तिच्यात पहिल्या दिवसापासून ईजेकेच होतं. कृती देव हा फॉन्ट ‘ई’च्या क्रमांकावर म काढायचा, ‘जे’वर र, ‘के’वर काना. फॉन्ट नाही म्हटल्यावर मूळ अक्षरं उघडी पडली.

संगणक क ओळखत नाही, 2325 ओळखतो. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीने क ला दिलेला हा क्रमांक. फॉन्टमध्ये असतात नुसत्या आकृत्या, 0 पासून ओळीने मांडलेल्या. 0 क्रमांक राखीव. अक्षर सापडलं नाही की दिसणारा रिकामा चौकोन तोच. मग 2325 म्हणजे कितवी आकृती? हे सांगणारा तक्ता फॉन्टच्याच पोटात असतो. त्याला सीमॅप म्हणतात, आणि माझा जीव त्याच्यावर आहे.

समजा, एका फॉन्टात अ ते ह (2309 ते 2361) यांच्या आकृत्या 4 पासून 56 पर्यंत सलग आहेत. तक्ता 53 जोड्या लिहीत बसत नाही. पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक आणि फरक, एवढंच नोंदवतो. फरक उणे 2305. क काढायचा? 2325 मधून 2305 गेले, 20. 20 क्रमांकाची आकृती. फॉन्टच्या फाइलीत हा उणे आकडा 63231 असा दिसला तर दचकू नका. 2325 शी बेरीज येते 65556. सोळा बिटांच्या खणात 65536 झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणून उरतात तेच 20. आकृत्या सलग नसतील तर नोंदीतला चौथा आकडा दुसऱ्या यादीकडे बोट दाखवतो.

हे स्वतः बघता येतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत फॉन्टटूल्स नावाची मोफत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट उघडायचा, सीमॅप मागायचा, 2325 विचारायचं. आकृतीचं नाव हातात येतं. दोन-तीन ओळींचा कोड.

आता त्याच तक्त्यात ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र शोधा. मिळणार नाही. ‘दर्या’ म्हणजे 2342, 2352, 2381, 2351, 2366. ‘दऱ्या’त फक्त 2352 च्या जागी 2353. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांत एका आकड्याचा फरक! रफार आणि ही चंद्रकोर, दोघांनाही स्वतःचा क्रमांक नाही. सीमॅपचं काम संपलं की जीसब हा दुसरा तक्ता पुढे येतो: या आकृतीनंतर हलन्ताची आकृती आली तर दोन्ही उचला, ही ठेवा. मराठी वळणाचा ल आणि श याच वाटेने येतात. क्रमांक हिंदीचाच, आकृती निराळी.

‘देवनागरी संगणकाला सर्वांत सोयीची, नासानेही मान्य केलं’ असे निरोप फिरतात. त्यांना काही आधार नाही. संगणकाला सगळे आकडे सारखेच. देवनागरी पडद्यावर नीट दिसते ती माणसांच्या मेहनतीमुळे. विंडोजमधला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला; जीसबमधले नियम कुणीतरी बसून, एकेक जोडाक्षर तपासून लिहिलेले असतात.

तर जुनी फाइल वाचवायची म्हणजे उलटा तक्ता करायचा: ‘ई’ला 2350, ‘जे’ला 2352. मेख आहे पहिल्या वेलांटीत. जुन्या फॉन्टात ती व्यंजनाआधी टाइप होते, युनिकोडमध्ये 2367 व्यंजनानंतर येतो. म्हणून कोडने तिला अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यायला हवं. एकच व्यंजन ओलांडून थांबली, की ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं. कन्व्हर्टरमधून काढलेल्या कागदांवर ही वेलांटी तुम्ही नक्की पाहिली असेल.