सेइशुनचे गाणे की निरोपाचे गाणे? कराओकेत सोपे कोणते ठरते

जपानमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी माणसावर कधी ना कधी अशी संध्याकाळ येते, की ऑफिसचे जेवण आटोपून मंडळी कराओकेच्या खोलीत शिरतात आणि चौथ्या-पाचव्या गाण्यानंतर माइक त्याच्या हातात येतो. अशा वेळी शेजारी बसलेला सहकारी हमखास सल्ला देतो, की तरुणपणाचे एखादे सोपे गाणे घ्यावे. सल्ला चांगला असला, तरी त्यात दोन वेगळ्या प्रकारची गाणी एकत्र येतात. एकाला जपानी लोक ‘सेइशुन सोंगु’ म्हणतात, दुसऱ्याला ‘सोत्सुग्यो सोंगु’. सेइशुन म्हणजे तारुण्य. हा शब्द निळ्या-हिरव्या रंगाचे आणि वसंताचे अशा दोन चिन्हांनी लिहितात, कारण जुन्या चिनी पंचतत्त्वांच्या मांडणीत तो रंग वसंत ऋतूचा मानला जातो. सोत्सुग्यो म्हणजे शाळा किंवा कॉलेजचे शिक्षण पूर्ण होऊन तिथून बाहेर पडणे. पहिल्या प्रकारची गाणी तारुण्याच्या मधोमध उभी राहून गायलेली असतात, तर दुसऱ्या प्रकारची त्याच्या उंबरठ्यावरून मागे वळून पाहत.

दोहोंची गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्हींत शाळेचा वर्ग असतो, मित्र असतात, आकाश असते, आणि साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, तर असतोच. त्यातून एकच गाणे दोन्हींकडे मोजले जाण्याचे प्रकारही घडतात. रेमिओरोमेन या तीन जणांच्या बँडचे ‘९ मार्च’ या अर्थाच्या शीर्षकाचे गाणे 2004 साली त्याच तारखेला आले. ते मुळात एका मित्राच्या लग्नासाठी लिहिलेले होते. पुढच्या वर्षी एका दूरदर्शन मालिकेत शाळेतल्या वर्गाने ते एकत्र गायले, आणि जपानी शाळांचे निरोपसमारंभ मार्चमध्येच होत असल्याने लग्नाचे ते गाणे बघता बघता निरोपाचे होऊन बसले. याचा अर्थ असा, की गाणे कोणत्या प्रकारचे आहे हे नुसत्या शब्दांवरून ठरत नाही; ते कुठे आणि कोणी गायले यावरूनही ठरते.

म्हणून प्रसंगाचा विचार आधी केलेला बरा. जपानी शैक्षणिक वर्ष आणि बहुतेक कचेऱ्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, त्यामुळे मार्चमधल्या निरोपाच्या मेजवानीनंतर सोत्सुग्योचे गाणे अगदी शोभते. एप्रिलमध्ये मात्र नव्या माणसांच्या स्वागताची मेजवानी असते. अशाच एका स्वागताच्या रात्री मी मोठ्या तयारीने निरोपाचे गाणे गायलो होतो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या जरा जपून वाजत होत्या, आणि समोर बसलेल्या नव्या मुलीने हसत विचारले, की मला आजच परत पाठवताय का? सेइशुनच्या गाण्याला असे महिन्याचे बंधन नसते.

आता सोपेपणाचा मुद्दा. सर्वसाधारण समज असा, की निरोपाची गाणी संथ असतात म्हणून सोपी, आणि सेइशुनची रॉक गाणी जलद असतात म्हणून अवघड. मला हे उलटे वाटते, निदान मराठी गळ्यापुरते तरी. त्यासाठी जपानी भाषेतल्या मात्रांकडे पाहावे लागते. जपानी गाण्यात परंपरेने एका मात्रेला एक स्वर असतो, आणि मात्रा मोजण्याची रीत आपल्या वृत्तांच्या लघु-गुरूशी बरीच जुळते. शाळा या अर्थाचा ‘गक्को’ हा शब्द घ्या. जोडाक्षरामुळे ‘ग’ गुरू होतो, ‘को’ दीर्घ म्हणून गुरू, एकूण मात्रा 4. जपानी माणूसही त्या 4 च मोजतो. इथपर्यंत मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे.

अडचण ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांपाशी सुरू होते. मराठीत हे दोन्ही स्वर गुरूच धरले जातात, जपानीत मात्र ते ऱ्हस्वही असतात आणि बहुतेक ठिकाणी ऱ्हस्वच असतात. मित्र या अर्थाचा ‘तोमोदाची’ हा शब्द आपण लिहितो तसा मोजला, तर त्याच्या 8 मात्रा होतात. जपानीत त्या फक्त 4 आहेत, चारही अक्षरे लघु. आपण सवयीने ‘तो’ ओढतो, मग ‘मो’ ओढतो, आणि तोवर पडद्यावर अक्षरांवरून सरकणारा रंग पुढच्या शब्दावर गेलेला असतो. ‘न्’ची गंमत याहून निराळी. तो जपानीत स्वतंत्र मात्रा घेतो आणि गाण्यात त्याला पुष्कळदा स्वतःचा सूरही मिळतो, त्यामुळे तोंड मिटून तो सूर लावावा लागतो, आणि मराठी गायकाला अनुस्वारावर थांबणे काही केल्या पटत नाही.

जलद गाण्यात ही चूक लगेच उघडी पडते, संथ गाण्यात ती झाकली जाते, आणि म्हणूनच संथ गाणी सोपी वाटतात. परंतु संथ गाणी जिभेला जी सवलत देतात, तिची वसुली गळ्याकडून करतात. मोरियामा नाओतारो यांचे ‘साकुरा’ हे 2003 सालचे निरोपाचे गाणे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या नावापुढे ‘एकट्याने गायलेले’ या अर्थाचा शब्द जोडलेला आहे, साथीला केवळ पियानो आहे, आणि धृपदात आवाज छातीतून निसटून वरच्या पातळ आवाजात, ज्याला जपानीत ‘उरागोए’ म्हणतात त्यात, अलगद न्यावा लागतो. ड्रम नाहीत, गिटारचा गोंगाट नाही; सूर किंचित उतरला तरी खोलीतल्या प्रत्येकाला तो ऐकू येतो. ज्याने कधी रियाज केलेला नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरोपाच्या गाण्यांचा आणखी एक पोटप्रकार म्हणजे शाळेत समूहाने गाण्यासाठी रचलेली गाणी. त्यांतले सर्वांत परिचित ‘ताबिदाची नो हि नि’, म्हणजे प्रस्थानाच्या दिवशी, हे 1991 साली सायतामा प्रांतातल्या चिचिबु इथल्या कागेमोरी माध्यमिक शाळेत तयार झाले. शब्द मुख्याध्यापकांचे, चाल संगीत शिकवणाऱ्या शिक्षिकेची, आणि प्रथम ते शिक्षकांनीच शाळा सोडून जाणाऱ्या मुलांसाठी गायले होते. गाणे शाळकरी मुलांच्या बेताचे असल्याने गळ्याच्या अगदी टोकाला नेणारे स्वर त्यात नाहीत, शब्दही स्पष्ट आणि सुटे आहेत. कागदावर ते सोपेच दिसते. पण ते अनेक आवाजांसाठी बांधलेले आहे, आणि एकट्याने गाताना मधल्या जागा ओक्याबोक्या राहतात. खोलीतले सगळे जपानी सहकारी उभे राहून आपापल्या शाळेतला भाग उचलणार असतील, तरच ते घ्यावे.

सेइशुनच्या बाजूला यावे, तर ‘द ब्लू हार्ट्स’ या पंक बँडचे 1987 मधले ‘लिंडा लिंडा’ हे गाणे नवख्यासाठी मला सर्वांत दिलदार वाटते. सुरुवात संथ आहे, तिथे जिभेला जुळवून घ्यायला वेळ मिळतो; मग वेग येतो, आणि धृपदात मुख्यतः शीर्षकाचाच शब्द पुन्हापुन्हा येतो. जपानी मोजणीत तो ‘रि-न्-दा’ असा 3 मात्रांचा आहे. ‘दा’ ओढला नाही, की ताल आपोआप सांभाळला जातो. शिवाय ते ओरडायचेच गाणे आहे, तिथे सूर थोडा चढला-उतरला तर कोणी हिशेब ठेवत नाही, आणि तंबोरीन वाजवणारे दोघेतिघे आवाज देऊन उरलेले झाकून टाकतात. 2005 साली यामाशिता नोबुहिरो यांनी याच गाण्यावरून नाव घेतलेला एक चित्रपट काढला. त्यात शाळेच्या उत्सवासाठी जमवलेल्या मुलींच्या बँडची गायिका कोरियाहून आलेली विद्यार्थिनी आहे, तिचे जपानी कच्चे आहे, आणि तरीही तिला हे गाणे गाता येते. गाण्याची निवड किती विचारपूर्वक झाली होती, हे त्यावरून लक्षात यावे.

अर्थात सेइशुनचे प्रत्येक गाणे असे उदार नसते. ‘ग्रीन’ या गटाचे 2008 मधले ‘किसेकि’ सगळ्यांना पाठ असते, म्हणून नवखा माणूस ते निर्धास्तपणे निवडतो. पण त्या गटात गाणारे चौघे आहेत, ते ओळी आपसांत वाटून घेतात, आणि एकट्याने गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागाच सापडत नाही. ते दोघांनी मिळून गावे. ओकिनावाच्या ‘मोंगोल 800’ या बँडचे ‘चिइसाना कोइ नो उता’ हे 2001 सालचे गाणेही असेच दाट शब्दांचे आहे. ते घरी आधी चाल सोडून, नुसते बोटांवर मात्रा मोजत म्हणून पाहावे. आठवडाभरात जीभ वळते. ‘साकुरा’तल्या उरागोएवर असा घरगुती उपाय चालत नाही.

उरला प्रश्न पट्टीचा. तरुण बँडचे पुरुष गायक पुष्कळदा बरेच वर गातात, आणि मूळ पट्टीतच गाण्याचा हट्ट धरला तर धृपदाला आवाज फाटतो. रिमोटवर ‘की’ कमी-जास्त करण्याचे बटण असते आणि त्याच्या एका दाबाने पट्टी अर्ध्या स्वराने सरकते, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी दोनवरून पांढरी दोनवर येते. धृपद जमेपर्यंत दोन-तीनदा दाबावे, मात्र कडव्याचे खालचे स्वर घशात विरू लागले की थांबावे. निरोपाच्या संथ गाण्यांत आणखी एक फसवणूक असते: त्यांतली काही शेवटच्या धृपदाला आपणहून अर्ध्या किंवा पूर्ण स्वराने वर चढतात, आणि ती चढण लक्षात घेऊन एक-दोन दाब आधीच जास्त द्यावे लागतात.